एकट्याने जेवायचं असेल तर मुंबईत या

मुंबईत जेवायला कुठे जाऊ असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, एकटी जाणारेस की ग्रुप आहे? ग्रुप असेल तर कुठेही जा, चार डोकी जमली की कुठलंही हॉटेल बरंच वाटतं. पण एकटं जेवायचं असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. माझं तर ठाम मत झालंय की या शहरातली बरीचशी जुनी खाण्याची ठिकाणं एकट्या माणसांच्या जिवावरच उभी राहिली. गिरणीत कामाला आलेला कोकणी माणूस, दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेला कारकून, बोटीची वाट बघत थांबलेला गोव्याचा खलाशी, सगळ्यांची बायकापोरं गावाला आणि खिसा बेताचा. यांना रोज दोन वेळा घरच्यासारखं जेवण पाहिजे होतं, आणि ते ज्यांनी दिलं त्यांच्याकडे आजही एकट्या बाईला कोणी 'अजून कोणी येणार आहे का मॅडम' असं विचारत बसत नाही.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे माटुंग्याचं रामा नायक. सेंट्रल लाईनच्या माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरलं की लगेच मार्केटच्या बिल्डिंगमध्ये वर जायचं, पाटीवर नाव लांबलचक आहे, ए. रामा नायक उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, सुरू झालं 1942 मध्ये. यातला 'बोर्डिंग' शब्द बघा, हे रोज जेवणाऱ्यांचं ठिकाण आहे हे नावातच आहे. आधी कूपन घ्यायचं, नंबर आला की जिथे बसवतील तिथे बसायचं, समोर अनोळखी माणूस असतो आणि त्याचं काही वाटत नाही कारण तोही एकटाच आलेला असतो. केळीचं पान येतं, मग भाज्या, पापड, भात, सांबार, रसम, ताक, आणि वाढपी फिरतच राहतात, तुम्ही नको म्हणेपर्यंत वाढतात. मी भाताला सुरुवातच रसमनं करते, सांबार नंतर. घाई कोणी करत नाही पण रेंगाळायचीही जागा नाही ही, बाहेर भुकेली माणसं उभी असतात. आणि मला हे फार आवडतं की बाजूला कोट्यधीश बसलाय की कुरिअरवाला हे पानावरून कळत नाही, दोघांना रसम सारखंच.

तिथून किंग्ज सर्कलकडे चालत गेलं तर कॅफे मद्रास, 1940 चं. रविवारी सकाळी लाईन बघून लोक घाबरतात पण एकटं असाल तर शेअरिंग टेबलवर पटकन नंबर लागतो, हा खरा फायदा. नीर डोसा घ्या, सोबत गूळखोबरं येतं, आणि नंतर फिल्टर कॉफी, इडली तर कुठेही मिळते.

धोबी तलावची जेर महाल बिल्डिंग तुम्ही बाहेरून शंभरदा बघितली असेल. त्या इमारतीत गोवेकरांचे कूड आहेत, म्हणजे गावोगावचे क्लब, बोटीवर नोकरी लागेपर्यंत त्या त्या गावच्या माणसांनी स्वस्तात राहायची सोय. आणि त्याच जेर महालात खाली कयानी हे इराणी हॉटेल, 1904 पासून. वर गोव्याचे खलाशी आणि खाली इराण्याचा चहा, हे मुंबईशिवाय दुसरीकडे कुठे जमणार सांगा. मी तिथे ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा घेते, ब्रून चहात नीट बुडवायचा, नाहीतर टाळू सोलवटतो. मावा केक घरी न्यायला. ब्रिटानिया हॉटेलबद्दल (1923, बॅलार्ड इस्टेट, बेरी पुलाव) सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी एवढंच सांगते, जा, दुपारीच जा.

आता गिरणगावाबद्दल लिहिताना थोडं वाईट वाटतं. लालबाग-परळमध्ये हजारो गिरणी कामगारांना बायकांनी आपल्या खोलीत स्वैपाक करून जेवायला घातलं, महिन्याचे पैसे पगार झाल्यावर, म्हणजे तोपर्यंत सगळा किराणा उधारीवर. याच खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, जेवणारेच गेले. त्या खानावळींवर पाटी नव्हती त्यामुळे आज त्यांचं नाव कुठल्याच 'टॉप टेन'मध्ये येत नाही, पण मुंबईच्या जेवणाबद्दल बोलताना त्यांना वगळणं मला पटत नाही. ती चव थोडीफार आठवते ती बांद्रा पूर्वेला हायवे गोमांतकमध्ये. माशाची थाळी, तिसऱ्या मिळाल्या तर तिसऱ्या, आणि सोलकढी. जागा छोटी, दुपारी गर्दी, तरी एकट्या माणसाला कोपरा मिळतोच.

चेंबूर कॅम्पला मात्र माझी थिअरी लागू होत नाही. तिथे सिंधी लोक फाळणीनंतर घरदार सोडून कुटुंबंच्या कुटुंबं आली, आणि रविवारी सकाळी आजही कुटुंबच्या कुटुंब दाल पकवान खायला बाहेर पडतं. कुरकुरीत पकवान, त्यावर चण्याची घट्ट डाळ, कांदा, चिंचेची चटणी. मोडून डाळ लावून लगेच खायचं, मऊ पडलं की मजा गेली. आणि कुणा सिंधी मैत्रिणीच्या घरी कढी खायचा योग आला तर सोडू नका, त्यांच्या कढीत दही नसतं, बेसन भाजून त्यात भेंडी, शेवग्याच्या शेंगा आणि चिंचेचा आंबटपणा असतो, आपल्या कढीशी काहीच संबंध नाही आणि भातावर अप्रतिम लागते.

शेवटचं भेंडी बाजार. नूर मोहम्मदी हॉटेलची नल्ली निहारी, म्हणजे नळीच्या हाडांसकट मंद शिजवलेलं रश्श्याचं मटण, हॉटेल 1923 पासून. आजूबाजूच्या जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, दरवेळी गेलं की रस्ता वेगळाच वाटतो, त्यामुळे जायचंय तर पुढे ढकलू नका. नंतर बोहरी मोहल्ल्यात ताजचं आईस्क्रीम, 1887 पासूनचं, बर्फ-मीठ घालून संचात (आईस्क्रीमच्या हातानं फिरवायच्या भांड्यात) फिरवलेलं. सीझन असेल तर सीताफळ घ्या. पण निहारी मात्र एकटीला एक प्लेट जड जाते, तिथे कोणालातरी सोबत घेऊनच जा.