आधी ताकद की आधी तंत्र

रविवार, रात्र

आज हातांपेक्षा पायांची बोटं जास्त दुखतायत आणि मला त्याचा चक्क आनंद झालाय. बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय, खाली गाद्या टाकून बुटक्या भिंतीवर चढणं, सुरू केलं त्या दिवसांत बाटलीचं झाकण उघडतानाही हात थरथरायचा. पाय मात्र ठणठणीत. चढताना ते नुसते सोबतीला यायचे.

आज मॅटवर बसल्या बसल्या पुन्हा तोच वाद निघाला. नवख्यानं आधी ताकद कमवावी की तंत्र शिकावं? आमच्यातला एक जण व्यायामशाळेतून आलेला, पुल-अप्स मोजायचाही कंटाळा करतो इतके काढतो. पुढे झुकलेल्या भिंतीवर मोठे, हात पूर्ण आत जाणारे होल्ड, म्हणजे धरायचे उंचवटे, असले की हा पाय हवेत सोडून वर पोचलेला असतो. बघणारे टाळ्या वाजवतात. मग तोच स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या भिंतीवर येतो. तिथे ओढायला काही नसतंच. बोटभर उंचवट्यावर पाय ठेवून त्याच पायावर उभं राहायचं, एवढंच काम. तिथे तो घामाघूम होतो. ताकदवान माणसाची खरी अडचण मला हीच वाटते: पहिलं सुचलेलं उत्तर जोरावर निभावून जातं, त्यामुळे दुसरं शोधायची वेळच येत नाही. माझ्यासारखीला पहिलं उत्तर कधी जमतच नाही, म्हणून चार वेगळी उत्तरं धुंडाळावी लागतात.

जोर इतक्या लवकर का संपतो, हे कळल्यावर माझं चढणं थोडं सुधारलं. बोटांमध्ये ओढणारे स्नायू नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मध्ये, आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. मूठ घट्ट आवळून धरली की आकुंचन पावलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. रक्त नीट पोचत नाही, हात फुगून दगड होतो, आणि मग साधा होल्डही निसटतो. मांड्या आणि पोटऱ्या त्या मानानं केवढ्या मोठ्या! जिना चढताना कठडा आपण धरतो, कठड्याला लोंबकळत नाही. भिंतीवर नेमकं तेच विसरायला होतं.

म्हणून हात शक्य तितके सरळ. कोपर वाकवून थांबलं की दंड उगीच राबतात. बूट टेकवायचा तो अंगठ्याच्या टोकावर; तळव्याच्या मध्यावर टेकवला तर टाच वळवताच येत नाही. कंबर भिंतीजवळ, त्यासाठी एक कुशी भिंतीकडे. दुसरा पाय ठेवायला जागा नसेल तर तो नुसता बाजूला ताणून भिंतीला लावायचा, म्हणजे अंग दारासारखं फिरत नाही. याला फ्लॅगिंग म्हणतात, आणि नवख्याला एकच युक्ती शिकवायची झाली तर मी हीच शिकवीन.

पण यातलं काहीही वरच्या होल्डवर मला सुचत नव्हतं, त्याचं कारण ना ताकद होतं ना तंत्र. भीती होती. पडण्याच्या धास्तीनं मी प्रत्येक होल्ड गरजेच्या दुप्पट आवळायचे. मग प्रशिक्षकांनी एक अख्खा तास फक्त पडायला शिकवलं. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे मऊ सोडायचे, पाठीवर लोळायचं, हात छातीशी. मागे हात टेकायचा नाही, मनगट किंवा कोपर जातं. कमी उंचीवरून पुन्हा पुन्हा पडले. त्यानंतर माझी पकड आपोआप सैल झाली. त्या एका तासानं वाचवलेला जोर कुठल्याही पुल-अप्सनी मिळवून दिला नसता.

तरी ‘तंत्र, तंत्र’ असा जप करणाऱ्यांचाही मला वैताग येतो. झुकलेल्या भिंतीवर पाय होल्डवर टिकवून ठेवणं हे पोटाचं आणि पाठीचं काम आहे. ते कमकुवत असेल तर पाय निसटणारच, कितीही नीट ठेवा. आणि पाय आवाज न करता, बघून ठेवायचा तर तेवढा वेळ एका हातावर तग धरता यायला हवा. जिला तो क्षणभर वेळ मिळत नाही ती पाय आपटणारच. अमेरिकन चढाईपटू जॉन गिल यांचं नाव या वादात दोन्ही बाजू घेतात. १९५०च्या दशकात जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या या गृहस्थांनी चॉक, म्हणजे हाताला लावायची पांढरी पूड, आणि झेप या दोन्ही गोष्टी बोल्डरिंगमध्ये रुजवल्या. एका हातावर अंग आडवं तोलून धरायचे म्हणे, असं ताकदवाले फुशारकीनं सांगतात. खरंय ते. पण जिम्नॅस्टिक्समध्ये ताकद आणि हालचालीची शैली वेगळी काढून कोण दाखवणार?

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. नवख्यानं फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटांनी लटकून ताकद वाढवायच्या फळीच्या, किंवा तसल्या साधनांच्या वाटेला जाऊ नये. आज एक नवा मुलगा कॅम्पस बोर्डवर, म्हणजे नुसत्या हातांनी चढायच्या आडव्या पट्ट्यांच्या फळीवर, पाय सोडून लटकत होता. तसला पहिला बोर्ड जर्मन चढाईपटू वोल्फगांग ग्युलिख यांनी १९८८मध्ये न्यूरेंबर्गच्या व्यायामशाळेत लावला, तेव्हा ते जगातल्या सर्वात कठीण चढाया करणाऱ्यांपैकी एक होते. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरा आणि बोटांतल्या पट्ट्या फार सावकाश. बोटाच्या मुळाशी कंडरेला हाडाशी धरून ठेवणारी पट्टी तुटली की ‘टक्’ असा आवाज येतो म्हणतात, आणि मग कित्येक महिने घरी. बारीक होल्डवर अंगठा बोटांवर चढवून आवळण्याचा मोह होतो तोही जरा आवरावा. पहिल्या वर्षी नुसतं चढत राहिलं तरी बोटं पुरेशी घट्ट होतात.

माझं उत्तर आता क्रमाचं आहे. हल्ली बहुतेक जण आल्या आल्या कठीण प्रॉब्लेमवर (भिंतीवरच्या ठरवून दिलेल्या चढाला प्रॉब्लेम म्हणतात) तुटून पडतात, आणि हात गेले की ‘चला, आता पायांचा सराव’ म्हणून सोप्यावर वळतात. दमलेलं अंग जे घोटतं ते घसटत, ओढत चढणंच घोटतं. मी उलटं करते. ताजी असताना सोपे प्रॉब्लेम, पाय निःशब्द, एकेक चढ दोन निरनिराळ्या पद्धतींनी. मग कठीण, दोन प्रयत्नांमध्ये भरपूर विश्रांती घेऊन. ताकदीचा व्यायाम अगदी शेवटी, आणि त्यात ओढण्याइतकंच ढकलणंही, नाहीतर खांदे कुरकुरतात.

उद्या सुट्टी. परवा आधी स्लॅब, मग कोपऱ्यातला तो हिरव्या होल्डचा प्रॉब्लेम, ज्यात डावी टाच हाताच्या उंचीला अडकवायची आहे. टाच पोचते. मांडीच्या मागचा स्नायू मात्र अजून तयार नाही, त्यामुळे त्याचा व्यायाम या आठवड्यापासून सुरू.