निळं बाळ, विहिरीचं पाणी आणि दोन एन्झाइम

बाळाचे ओठ आणि नखं राखाडी-निळी. ऑक्सिजन लावूनही ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलेला. हृदयाची तपासणी व्हायलाच हवी, पण रक्ताचा एक थेंब गाळण कागदावर टाकून बघा. हवेत ठेवूनही तो चॉकलेटी राहिला, तर मेथेमोग्लोबिन (लोह ऑक्सिडाइझ झाल्याने ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) मोजून घ्या आणि घरी पाणी कुठलं, ते विचारा.

हिमोग्लोबिनमधलं लोह थोडंथोडं रोजच ऑक्सिडाइझ होतं. ते पूर्ववत करतं सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज हे एन्झाइम. पहिल्या काही महिन्यांत हे एन्झाइम मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं. त्यात बाळाच्या जठरात आम्ल कमी, म्हणून पाण्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जंतू तिथे टिकतात, आणि नायट्राइट हेच लोह ऑक्सिडाइझ करतं. जुलाब असले की आणखीच. याच एन्झाइमच्या जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर एरवी धडधाकट बाळही लवकर निळं पडतं. दोन्ही सदोष असतील, तर पाणी स्वच्छ असूनही.

खत आणि शेणाचा निचरा उथळ विहिरीत उतरतो, तिथून हे नायट्रेट येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहिलं असेल, तर आकड्याला ४.४ ने गुणा. १२ वाचून निर्धास्त झालात, तर प्रत्यक्षात ते ५३ असतं. आणि उकळण्याचा आग्रह इथे उलटा पडतो: ५ लिटरचे ४ झाले की ५० चे ६२ होतात. तुरटी, क्लोरीन, कँडल फिल्टर, कशानेच नायट्रेट जात नाही. आरओने कमी होतं, पण फिल्टरनंतरचं पाणी तपासूनच वापरा. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, वर पाणी नाही. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. पावडरचं दूध द्यायचंच असेल, तर पाण्याचा स्रोत बदला.

उपचारात दुसरं एन्झाइम आडवं येतं. मेथिलीन ब्लू (किलोमागे १-२ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश) काम करतं ते तांबड्या पेशींतल्या जी-६-पी-डी या एन्झाइमच्या जोरावर. ते कमी असेल, तर औषध लागू पडत नाहीच, उलट तांबड्या पेशी फुटतात. मग क जीवनसत्त्व किंवा रक्तबदल. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा, म्हणून मुलग्यांत जास्त. त्याच्या एका प्रकाराचं नावच ‘केरळ-कल्याण’ आहे. अशा घरात दुपट्यांमध्ये नॅफ्थॅलीनच्या डांबरगोळ्याही नकोत.

पेशी फुटल्यावर लगेच केलेली जी-६-पी-डी चाचणी फसवते: कमी एन्झाइमच्या जुन्या पेशी गेलेल्या असतात, नव्या पेशींत ते पुरेसं दिसतं. तीन महिन्यांनी पुन्हा करा.