दगडांमधला पिवळा पट्टा

आज सकाळी लडाखमधल्या हानलेजवळ, चांगथांगच्या पठारावर, दगडांच्या ढिगाशी पाऊण तास पालथा पडून होतो. उंची ४,००० मीटरच्या वर, धाप लागलेली, बोटं बधिर. पिकाचे फोटो काढायचे होते. पिका म्हणजे सशाचा भाऊबंद, उंदराएवढा, बिनशेपटीचा.

एकदम सगळे पिका बिळात गडप! आणि दोन दगडांच्या फटीतून एक डोकं वर आलं. चपटं, गोल कानांचं. मग सबंध देह: पाठ राखाडी-तपकिरी, गळ्यापासून पोटापर्यंत फिकट पिवळा रंग. माउंटन वीझल, उंच डोंगरांतला छोटा शिकारी प्राणी! जेमतेम वीतभर अंग, शेपूट वेगळी. मागच्या पायांवर ताठ उभं राहून माझ्याकडे बघितलं, आणि सरळ पिकाच्या बिळात शिरलं.

सोबतचे मित्र म्हणाले, "मुंगूसच की!" दिसतं तसंच, पण नातं पाणमांजराशी. मुंगसाचं कूळ वेगळं.

या अंगाच्या बारीकपणातच त्याचं सगळं जगणं आहे. पिका ज्या बिळात पळतो, तिथे हेही मागोमाग जातं. पण बारीक अंगातली ऊब लवकर निघून जाते, म्हणून सतत खावं लागतं. हिवाळ्यात झोपून राहायची सोय नाही. पिकाही झोपत नाही, म्हणून तर दोघांचं इथे निभतं. तिबेटच्या पठारावर चराईच्या कुरणांसाठी पिकांना वर्षानुवर्षं विष घातलं गेलं. पिका गेले की हेही उपाशी. फार वाईट वाटतं.

फोटो एकच आलाय, तोही हललेला. शेपटीचं टोक मात्र स्पष्ट आहे.