मिरजेचा उरूस, एक जागरण आणि मावशीची घोडी

आमच्या घरात मिरज म्हणजे ऑपरेशन. आजोबांचं, मग काकांचं, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं, त्यामुळे मिरजेला नुसतं गाणं ऐकायला चाललेय म्हणल्यावर आई दोनदा म्हणाली, खरं सांग, कोणाला काय झालंय. कोणाला काही झालं नव्हतं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस यंदा शनिवार-रविवारला जुळून आला होता आणि त्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीत सभा होते ती एकदा तरी तिथे बसून ऐकायची हे किती वर्षं चाललं होतं. शिवाय मावशीच्या तानपुऱ्याची जवारी गेलीये, म्हणजे तारा नुसत्या टणटण वाजतात, गुंजन नाहीच. तर म्हणलं एका दगडात दोन पक्षी.

आधी राहण्याचं सांगते कारण तिथेच आमचा पचका झाला. फोनवर बुक केलेली खोली पहाटे पोचल्यावर 'पेशंटच्या नातेवाईकांना दिली' असं ऐकायला मिळालं. राग आला पण काय बोलणार. मिरजेत 1894 सालापासून, म्हणजे डॉ. वॉनलेस यांच्या दवाखान्यापासून, लांबलांबून माणसं उपचाराला येतायत, आणि लॉज वर्षभर त्यांच्याच नातेवाईकांनी भरलेले असतात, त्यात उरूस. त्यामुळे सरळ सांगलीत खोली घ्या, दहाएक किलोमीटर आहे, बस-रिक्षा चालू असतात. आम्ही शेवटी तेच केलं. जाताना पुण्याहून रात्रीची महालक्ष्मी घेतली तर पहाटे मिरज जंक्शन, पण रिझर्वेशन लवकर करा. गाडीने जाणार असाल तर कराड-पेठ नाका-सांगली असा रस्ता, मात्र जागरण करून परत ड्रायव्हिंग करू नका प्लीज.

आंघोळ, पोहे आणि मग सतारमेकर गल्ली. रिक्षावाल्याला एवढंच सांगायचं, बाकी तो नेतो. दर्ग्यापासून चालतसुद्धा जाता येतं. मोठी शोरूम वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका, साधी दुकानं, पुढे गिऱ्हाइकाला बसायला सतरंजी आणि मागे काम, छताला वाळलेले भोपळे टांगलेले. हे खायचे भोपळे नाहीत, कडू जातीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, तुणीच्या लाकडाची. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारं बनवणारी, धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तसे हात वाद्यांकडे वळले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची गोष्ट. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

मी मोठ्या ऐटीत पर्समधून रुमालात बांधलेली मावशीची घोडी, म्हणजे तबलीवरची तारा टेकतात ती पट्टी, काढली. कारागीर साठीचे असतील. त्यांनी घोडी हातात घेतली, नखाने वरच्या पृष्ठभागावर तारांनी पाडलेल्या खाचा चाचपल्या आणि विचारलं, "वाद्य कुठाय ताई?" म्हणलं पुण्यात. "आणि घोडी काढताना तबलीवर खूण केली का?" नव्हती केली. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे, रागावलेपण नाहीत, तेच जास्त लागलं.

तरी त्यांनी दुकानातल्या एका तानपुऱ्याला ती लावून दाखवली. कानस दोन-तीन वेळा, अगदी हलक्या हाताने, मग तार छेडायची, ऐकायची, परत कानस. मग तारेखाली, घोडीच्या पाठीवर, एक सुती दोरा सरकवला आणि तो केसभर मागेपुढे करत राहिले. आधी तोच सा कोरडा. दोरा एका जागी आला आणि तार अचानक उघडली, म्हणजे एकाच तारेतून चार-पाच सूर एकदम उठले, माझ्या नवऱ्यालासुद्धा कळलं, ज्याला जवारी म्हणजे काय हे सकाळपर्यंत माहीत नव्हतं (ज्वारी समजत होता). पण हे शंभर टक्के तुमच्या वाद्यावर बसेलच असं नाही, म्हणाले, वाद्य घेऊन या. तर शहाण्यांनो, जवारीला नुसती घोडी नेऊ नका. आणि नवा तानपुरा घ्यायचा असेल तर कुठल्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून, गाता ते ठरवून जा, पुरुषांचा काळी एकच्या आसपासचा आणि बायकांचा काळी चार-पाचचा, भोपळ्याचा आकारच वेगळा. आधी फोन करून ऑर्डर द्यावी लागते, मनाजोगता तयार मिळेलच असं नाही.

दुपारी झोपा. खरंच झोपा, रात्रभर बसायचंय.

संध्याकाळी दर्ग्याकडे अलोट गर्दी, पाळणे, जिलेबी, खेळणी. इथली एक रीत मला फार आवडली, उरुसाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. सभा आवारात, चिंचेच्या झाडाजवळ. तिकीट-बिकीट काही नाही, यायचं आणि बसायचं. खाँसाहेबांची कबरही याच आवारात. प्लेगमधून बरे झाले ते इथे गाऊन, अशी आख्यायिका मिरजेत कोणीही सांगेल. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात असताना बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमलकोईल स्टेशनवर उतरले, तानपुरा जुळवून घेतला, गात गातच गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी, जन्म मिरजेचाच. म्हणून इथे कोणी कार्यक्रमाला येत नाही, हजेरी लावायला येतो. सगळेच गाणारे भारी होते असं नाही हां, एक-दोघांच्या वेळी मी सरळ चहाला उठले, आणि मधल्या वेळी पाळण्याचा भोंगा ख्यालात घुसायचा.

पण दोनच्या सुमाराला धारवाडकडचा एक पोरगा दरबारी राग गायला बसला. गार पडलं होतं, दव. शेजारी कोण तर दुपारचे तेच कारागीर, कानटोपी घालून. डोळे मिटलेले, मला वाटलं झोपले. तेवढ्यात स्वतःशीच पुटपुटले, "खर्ज उतरला." मला काही कळलं नाही. मिनिटभराने स्टेजवर मागे तानपुरा घेऊन बसलेल्या मुलीने हळूच खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेचा मणी सरकवून सूर जुळवला आणि यांची मान डोलली.

न्यायच्या वस्तू: शाल, कानटोपी, बसायला जाड चादर, डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी, पाणी. चपला जुन्याच घाला. उरुसाच्या तारखा दर वर्षी विचारून घ्या आणि सभेच्या कोणत्या रात्री कोण आहे तेही. एकच रात्र असेल तर बाराच्या आधी थकू नका, चांगलं नंतरच असतं.

रविवारी सकाळी कोयना पकडली, भडंगाची दोन पाकिटं घेऊन. गाडीतून मावशीला फोन केला की तबलीवर घोडीच्या जागी धुळीची रेघ असेल, तिला हात लावू नकोस. तर ती म्हणाली, अगं कालच ओल्या फडक्याने पुसला, तू दुरुस्त करून आणणार म्हणून. म्हणजे आता अख्खा तानपुरा घेऊन परत जाणं आलं. कोणी ट्रेनने नेलाय का? वरच्या बर्थवर आडवा मावतो की त्याचं वेगळं तिकीट काढू?