तुम्ही विचारलंत म्हणून: गरोदर बाईला मोबाइलमध्ये बोलायला का सांगतो?

“समोर बसून चार प्रश्न विचारायचे सोडून तिला मोबाइलशी बोलायला का लावता?” हे मला आशाताई विचारतात, डॉक्टर विचारतात, परवा मावशीनेही विचारलं.

मी गुणात्मक आरोग्य संशोधन करते. म्हणजे किती जणींनी तपासणी केली हे मोजण्याऐवजी तपासणीला जाताना तिला काय वाटलं, ते तिच्याच शब्दांत ऐकते. यवतमाळकडच्या गावांत आधी आम्ही फक्त मुलाखती घ्यायचो. तिसऱ्या महिन्यात एक, सातव्यात एक, बाळंतपणानंतर एक. मधलं सगळं आठवणीच्या भरवशावर. बाळ सुखरूप झालं की आठवणही बदलते. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात. पाचव्या महिन्यात मळमळतं म्हणून त्या डब्यात पडून होत्या, हे नंतर कुणी सांगत नाही. “घेतल्या की सगळ्या,” एवढंच उत्तर येतं, कारण शेजारी सासूबाई बसलेल्या असतात.

म्हणून आता मोबाइलवर आमचं एक ॲप असतं. त्यात बाई तिला सवड होईल तेव्हा बटण दाबून दोन मिनिटं बोलते. लिहावं लागत नाही. रेंज नसली तर आवाज फोनमध्ये साठून राहतो आणि रेंज आली की आमच्याकडे येतो. गोठ्याजवळून, शेताच्या बांधावरून, सोनोग्राफीच्या रांगेतून आलेले आवाज मी ऐकलेत. मागे बकरी ओरडत असते, कुकरची शिट्टी होते आणि बाई सांगत असते की आज जेवण सगळ्यांच्या शेवटी मिळालं, भाजी संपली होती. मुलाखतीत हे मला कधीच मिळालं नव्हतं.

पण एका रेकॉर्डिंगने माझी झोप उडवली. “सकायपासून बाळ कमी हालून रायलं, ताई.” रात्री पावणेदोनला बोललेलं. मी ऐकलं दुसऱ्या दिवशी अकराला. ती पहाटेच नवऱ्याला उठवून ग्रामीण रुग्णालयात गेली होती, बाळ ठीक होतं. आमच्यामुळे नव्हे, तिच्या शहाणपणामुळे. ती मला म्हणाली, “मले वाटलं तुमी ऐकत असान.” आम्ही माहिती गोळा करत होतो आणि तिला वाटत होतं पलीकडे कुणीतरी जागं आहे. संमतीपत्रावर ‘ही आरोग्यसेवा नाही’ असं छापलेलं होतं, तिने सहीही केली होती. त्या सहीचा मला आधार वाटला नाही, आजही वाटत नाही.

तेव्हापासून बटण दाबलं की आधी वऱ्हाडीतच आवाज येतो: रक्त जात असेल, पाणी जात असेल, डोकं फार दुखून अंधारी येत असेल, बाळ कमी हलत असेल तर इथं बोलत बसू नका, 108 ला किंवा आशाताईंना फोन करा. शिवाय रोज सकाळी आमच्यातलं कुणीतरी आदल्या दिवशीचं सगळं ऐकतं, सुट्टीच्या दिवशीही. आवाजाचं आपोआप लिखाण करणारं साधन आम्ही वापरून पाहिलं, पण ‘हालून रायलं’ त्याला कळलं नाही. माणसानेच ऐकावं लागतं, आणि एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला माझे पाच तास जातात.

दुसरी गोष्ट फोनच्या मालकीची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण 54 टक्के बायकांनी स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचं सांगितलं. स्मार्टफोन तर त्याहून कमी जणींकडे. आमच्या गावांत तो बहुतेक नवऱ्याचा किंवा दिराचा. म्हणून रेकॉर्डिंग आमच्याकडे पोचलं की फोनमधून लगेच पुसलं जाईल अशी सोय करून घेतली.

तरी एक कोडं सुटेना. सातव्या महिन्यानंतर कितीतरी जणींचे आवाज एकदम बंद व्हायचे. आम्ही ॲपमध्ये बिघाड शोधत बसलो. मग एका आशाताईंनी सांगितलं, “अवो, ओटी भरली की पोरगी माहेरी जाते. फोन राह्यते नवऱ्यापाशी.” पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला जन्मापासून माहीत होतं. संशोधनाचा आराखडा आखताना मात्र सुचलं नाही.

आता पहिल्याच भेटीत विचारतो: बाळंतपणाला कुठं जाणार, आणि तिथं फोन कुणाचा? ज्यांच्या माहेरी फोनच नाही, त्यांच्याकडे मी छोटा रेकॉर्डर घेऊन एसटीने जाते.