आधी अंबाळा, मग गड

रामटेकला गाडीनं जाणाऱ्याला रामाचा गड दिसतो, अंबाळा तलाव राहून जातो. नागपूरहून निघायचं, मनसरला वळायचं, थेट गडावर गाडी लावायची, दर्शन घ्यायचं आणि खिंडसी तलावात बोटीवर बसून घरी. त्रिपुरी पौर्णिमेला पायी गेलं की हा सगळा क्रम उलटतो, म्हणून मी पायीच जातो.

आमची टोळी नागपूरच्या इतवारीतून रात्री निघते. तिला दिंडी म्हणणं जरा जास्तच होईल. वीणेकरी नाही, चोपदार नाही. टाळांच्या दोन जोड्या, एक ढोलकी आणि शेजारच्या काकू. त्या पुढं असतात आणि थांबायचं कुठं ते त्याच ठरवतात. वाट जवळपास पन्नास किलोमीटरची. कामठी रोडबद्दल सांगण्यासारखं काही नाही: ट्रक, धूळ, पुन्हा ट्रक. कन्हानच्या पुलावर नदीची थंड हवा अंगाला लागते आणि झोप उडते, तेवढंच. पंढरीच्या वाटेसारख्या पंगती इथं नाहीत. शिदोरी आपली आपण न्यायची.

मनसरला महामार्ग सुटतो तिथून चाल बदलते. कार्तिकात धान कापणीला आलेलं असतं. काही बांध्यांत पेंढ्या पडलेल्या, धुऱ्यावर बायका डबे सोडून बसलेल्या. एकीनं विचारलं, "कुठून आले जी?" नागपूरहून म्हटल्यावर ती हसली. "बस बंद आहे का?" मनसरच्या टेकडीवर वाकाटक राजांच्या काळातले अवशेष उत्खननात निघाले आहेत, पण पाय दुखत असताना इतिहासाकडं कोणी वळत नाही. आमच्यातलं तरी कोणी वळलं नाही.

अंबाळा तलाव डोंगराच्या कुशीत आहे. तिन्ही बाजूंनी चढ, मध्ये पाणी, काठाला घाट आणि घाटांवर लहान-मोठी देवळं. अंब नावाच्या राजाचं कोड इथल्या पाण्यानं गेलं आणि तलावाला त्याचंच नाव पडलं, अशी कथा सांगतात. विदर्भातले पुष्कळ लोक इथं अस्थी विसर्जनाला येतात. त्यामुळं एका घाटावर मुंडन, पिंड, ब्राह्मणाशी दक्षिणेची घासाघीस, तर पलीकडच्या घाटावर पोरं पाण्यात उड्या मारत असतात. कोणाला कोणाचं वावगं वाटत नाही. फक्त निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या पायरीपायरीला अडकलेल्या असतात, त्या बघवत नाहीत. पुण्य बांधून आणायला कागद का चालत नाही, देव जाणे.

काठानं पूर्ण फेरी मारावी. घाईची नाही. कडेच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत, त्यांत दव साचतं, आणि अनवाणी चाललं की फोडांना तेवढाच गारवा. काकू शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. शेजारी उकडलेल्या शिंगाड्यांचा पुडा. मागून काळ्या तोंडाचं वानर आलं, पुडा उचलला, देवळाच्या कळसाशी जाऊन बसलं आणि एकेक शिंगाडा दातांनी सोलून टरफलं खाली टाकू लागलं. काकू वर बघून म्हणाल्या, "मिठाची पुडी राहिली बाप्पा इथं, तेही घेऊन जा!"

इथूनच गडाच्या पायऱ्या सुरू होतात. चढताना मागं वळलं की तलाव दर वळणाला वेगळा दिसतो, आणि वरून कळतं की डोंगरानं पाण्याला कसं कवेत घेतलंय. कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा रामगिरी हाच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, त्यावर वाद आहेत, पण या चढावर उभं राहून वाद घालायची इच्छा होत नाही.

वाटेवरचं केवल नरसिंहाचं देऊळ बहुतेक जण टाळतात. मला तेच थांबण्यासारखं वाटतं. पाचव्या शतकातलं, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या मुलीनं आईच्या स्मरणार्थ ते बांधलं, असं तिथल्या शिलालेखावरून अभ्यासक सांगतात. ही राणी गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांशी बसून तिनं दिलेलं दानपत्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे आताच्या राममंदिराच्या कितीतरी आधीपासून लोक या डोंगरावर चढताहेत.

वर मात्र रेटारेटी. आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं. पौर्णिमेच्या रात्री त्रिपूर पेटला की सगळ्या माना एकदम वर होतात, मोबाईलही.

परतीला एसटीच. स्टँडवर संत्र्यांच्या पाट्या, गर्दी, आणि काकूंनी खिडकीतून टाकलेला रुमाल. कंडक्टर म्हणाला, "मावशी, रुमालाचं तिकीट काढावं लागते."

"काढ ना," काकू म्हणाल्या, "इतवारीपासून चालत आली मी, मागचं भाडं वाचलं आहे."