मोटर चाचणी, नोंद ४: ३५ पटींचे ७ पट कसे झाले

टेबलावर दोन मोटरी आहेत. एक छंदाच्या वाहनांतली, ६३७४ आकाराची (व्यास ६३, लांबी ७४ मिलिमीटर), १९० केव्हीची (इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे आरपीएम) ब्रशलेस आउटरनर, म्हणजे चुंबक लावलेलं बाहेरचं कवच फिरणारी मोटर: वजन ९०० ग्रॅम, दावा ३ किलोवॉटचा. दुसरी तीन फेजची इंडक्शन मोटर, ९०एल फ्रेम (सांगाड्याचं प्रमाणित माप), १.५ किलोवॉट, १४४० आरपीएम, वजन १६ किलो. नुसता भागाकार केला तर किलोमागे ३३०० वॉट विरुद्ध ९४ वॉट. ३५ पट! हा आकडा मला पहिल्यापासून खुपत होता.

इंडक्शन मोटरच्या नेमप्लेटवरचे वॉट शाफ्टवर मिळतात आणि एस१ ड्यूटीला, म्हणजे ४० अंशांच्या हवेतही न थांबता. आउटरनरसारख्या छंदाच्या मोटरचे वॉट बहुतेकदा बॅटरीतून ओढलेले असतात, तेही थोड्या वेळापुरते. म्हणून आउटरनरलाही सतत चालवून मोजायचं ठरवलं.

मोटर बेअरिंगच्या पाळण्यात बसवली, तिला २० सेंटिमीटरचा दांडा लावून त्याचं टोक वजनकाट्यावर टेकवलं. शाफ्टला दुसरी मोटर जनरेटर म्हणून जोडली. तिची वीज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटमधून) पाण्याच्या बादलीतल्या कॉइलला. पूर्ण थ्रॉटलला २२ व्होल्ट, ३० अँपिअर. काट्यावर ७३० ग्रॅम, म्हणजे १.४३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). ९.५५ ला केव्हीने भागलं की अँपिअरमागचा टॉर्क मिळतो; ३० मधून रिकामं फिरतानाचा दीड अँपिअर वजा करून त्याने गुणलं की हिशेबही तेवढाच येतो. हे जुळलं तेव्हा फार समाधान वाटलं. ३९५० आरपीएमला शाफ्टवर ५९० वॉट. पाऊण तासाने वाइंडिंग ९२ अंशांवर स्थिरावलं.

मग ६० अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट, आणि तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो तो वेगळाच. अडीच मिनिटांत वाइंडिंगचं तापमान १०० अंशांपलीकडे गेलं, मी थांबवलं. साध्या निओडिमियम चुंबकांना ८० अंशांपुढे धोका असतो, त्यामुळे माझ्या मते ३० अँपिअरसुद्धा या मोटरला जास्तच आहेत.

५९० वॉट धरले तर किलोमागे ६५५. फरक ७ पट उरला. टॉर्क बघितला तर अडीच पटच: किलोमागे १.६ विरुद्ध ०.६२ न्यूटन-मीटर. बाकीचं सगळं वेगाचं देणं आहे. त्याच ९०एल फ्रेममध्ये दोन पोलची, म्हणजे जवळपास दुप्पट वेगाने फिरणारी मोटर २.२ किलोवॉटची येते, तीही साधारण तेवढ्याच वजनात.

पुढची चाचणी आउटरनरवर पंख्याची हवा सोडून, २० अँपिअरपासून सुरू करणार आहे.